नेपथ्यातला मृतदेह: जुन्या नाटकातून ऐतिहासिक रहस्यकथा कशी लिहावी

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ या संस्कृत नाटकाच्या आठव्या अंकात एक छोटंसं वाक्य आहे. राजाचा मेहुणा शकार याचा सोबती विट बागेत परत येतो आणि वाटेत पाहिलेलं सांगतो: एक झाड पडलंय, आणि पडता पडता त्याने एका बाईचा जीव घेतलाय. ते पाहून त्याच्या मनात नायिका वसंतसेनेविषयी शंका दाटते. बस, तेवढंच. तो पुढे निघतो आणि नाटकही पुढे निघतं.

पुढच्या अंकात न्यायालय भरतं. वसंतसेनेचा गळा आवळणाऱ्या शकारानेच तिच्या प्रियकरावर, गरीब ब्राह्मण चारुदत्तावर, तिच्या खुनाचा आळ घेतलेला असतो. न्यायाधीश वीरक नावाच्या नगररक्षकाला घोड्यावरून पुष्पकरंडक बागेत पाठवतात. तो परत येऊन सांगतो, बाईचं प्रेत पाहिलं, श्वापदं ते खात होती. बाईचंच कशावरून? उरलेल्या केसांवरून, हातापायांवरून. ही साक्ष चारुदत्ताला सुळाकडे ढकलते. वसंतसेना मात्र जिवंत आहे. एका भिक्षूने तिला शुद्धीवर आणलंय. दहाव्या अंकात ती वधस्थानी पोचते, चारुदत्त वाचतो, राजा बदलतो, सगळ्यांचं भलं होतं.

मग ते प्रेत कुणाचं होतं? बहुधा झाडाखालच्या बाईचं. नाटक तसं उघड म्हणत नाही. तिचं नाव कुणी विचारत नाही, तिचा शोध घ्यायला कुणी येत नाही. एका निरपराध माणसाला सुळावर चढवायला तिचा देह पुरावा म्हणून वापरला गेला आणि काम झाल्यावर सगळे तिला विसरले. हे माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. जुन्या नाटकातून रहस्यकथा कशी काढायची, या प्रश्नाचं उत्तर मला त्या एका वाक्यात मिळालं. रंगमंचावर जे घडतं ते नाटककाराचं आहे. नेपथ्यात, म्हणजे पडद्याआड, जे घडलं, ते तुमच्यासाठी मोकळं आहे.

पुढच्या पायऱ्या नाटकावर प्रेम असलेल्या, पण रहस्यकथा कधीच न लिहिलेल्या माणसासाठी आहेत. उदाहरण म्हणून बहुतेक ठिकाणी ‘मृच्छकटिक’च घेतलंय. देवलांच्या संगीत रूपांतरामुळे ते मराठी वाचकाच्या ओळखीचं आहे, आणि एकच नाटक शेवटपर्यंत धरून ठेवलं तर पद्धत नीट दिसते.

पहिली पायरी: नाटक निवडणं

नाटक किती प्रसिद्ध आहे ते पाहू नका. त्यात ‘कुणीतरी येऊन सांगितलं’ अशा किती जागा आहेत ते मोजा.

जुन्या रंगभूमीवर मृत्यू बहुतेक वेळा पडद्याआड होतो. ग्रीक शोकांतिकेत खून राजवाड्याच्या दारामागे होतो आणि दूत बाहेर येऊन त्याचं वर्णन करतो. संस्कृत नाट्यपरंपरेतही रंगमंचावर मरण दाखवू नये असा संकेत आहे. (‘मृच्छकटिका’त गळा आवळण्याचा प्रसंग प्रेक्षकांसमोर घडतो, पण वसंतसेना मरतच नाही.) म्हणजे सर्वांत महत्त्वाची घटना आपण पाहिलेली नसते, कुणाच्या तरी तोंडून ऐकलेली असते. नाटककाराच्या दृष्टीने ते निवेदन. तुमच्या दृष्टीने ती साक्ष आहे. साक्ष खोटी असू शकते, अर्धवट असू शकते, घाबरून दिलेली असू शकते.

‘हॅम्लेट’मध्ये ऑफेलिया बुडाली हे राणी सांगते. कुठली फांदी मोडली, कुठली फुलं हातात होती, कपडे पाण्यावर किती वेळ तरंगत होते, ती काय गात होती, सगळं तपशीलवार. इतका वेळ कुणी पाहत उभं होतं, तर पाण्यात हात का घातला नाही? नाटक उत्तर देत नाही. पुढच्याच प्रवेशात कबर खोदणारे दोघे अपमृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या निर्णयावर वाद घालतात, आणि अंत्यविधीला आलेला धर्मगुरूही तिचं मरण संशयास्पद असल्याचं म्हणतो. म्हणजे शंका नाटकातल्याच माणसांना आलेली आहे. अशी जागा सापडली की ते नाटक घ्यावं.

विशाखदत्ताचं संस्कृत नाटक ‘मुद्राराक्षस’ मला अतिशय प्रिय आहे, तरी पहिल्या प्रयत्नासाठी मी ते सुचवणार नाही. त्यात चाणक्याला सगळं आधीच ठाऊक असतं, आणि सगळं ठाऊक असलेला माणूस कथेत असला की वाचकाला शोधायला फार थोडं उरतं. दोनतीन कथा लिहून झाल्या की चाणक्याचा प्रतिस्पर्धी अमात्य राक्षस याच्या बाजूने ते लिहून पाहा. तो अंधारात चाचपडत असतो, आणि रहस्यकथेला तसाच माणूस लागतो.

दुसरी पायरी: ये-जा लिहून काढणं

नाटक तीनदा वाचा. पहिल्यांदा आनंदासाठी. दुसऱ्यांदा शेजारी वही ठेवून. तिसऱ्यांदा फक्त रंगसूचना आणि जाता जाता टाकलेली वाक्यं.

वहीत चार रकाने आखा: कोण आलं, कोण गेलं, हातात काय होतं, वेळ आणि हवा कशी होती. शेवटच्या रकान्याचा नवशिके कंटाळा करतात. खरं धन तिथेच सापडतं, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

पाचव्या अंकात अवकाळी पाऊस कोसळतोय. त्या अंकाचं नावच ‘दुर्दिन’. वसंतसेना भर वादळात चारुदत्ताच्या घरी पोचते, रात्री तिथेच राहते. सहाव्या अंकात सकाळ होते. ती बागेकडे जायला निघते आणि चुकून शकाराच्या गाडीत चढते. आठव्या अंकात भर दुपार आहे, सूर्याकडे बघवत नाही इतकं ऊन. गळा आवळल्यावर शकार तिला वाळक्या पानांच्या ढिगाखाली झाकतो.

आता हे एकापुढे एक ठेवा. रात्रभर मुसळधार पाऊस, आणि दुसऱ्या दुपारी बागेत वाळकी पानं? शूद्रकाला ही विसंगती वाटली नसेल. प्रेक्षकाच्या मनात अंकाअंकांत बराच काळ लोटतो. पण तुमच्यासाठी हा धागा आहे. पानं वाळकी होती, तर ती आडोशाला साठवलेली असणार. मग ती गोळा कुणी करत होतं? जुन्या बागेत पानं वेचणारी एखादी बाई रोज येत होती का? आणि झाडाचं काय? भिजून भुसभुशीत झालेल्या जमिनीतून झाड उन्मळणं अगदी शक्य आहे. वादळ संपल्यावर कितीतरी तासांनी, ऐन दुपारी, नेमकी बाई खाली असताना ते पडलं, याची मात्र खात्री करून घ्यावीशी वाटते. मुळं उपटली होती की खोडावर घाव होता, हे विटाने पाहिलं नाही. त्याला घाई होती.

हे सगळं त्या चौथ्या रकान्यातून निघालं. मी एकही गोष्ट अजून कल्पनेने घातलेली नाही, फक्त प्रश्न विचारलेत.

तिसऱ्या रकान्यात वस्तूंचा प्रवास येतो. दागिने हा ‘मृच्छकटिका’चा कणाच आहे. वसंतसेनेने चारुदत्ताकडे ठेव म्हणून ठेवलेले दागिने शर्विलक नावाचा चोर भिंत फोडून चोरतो. पुढे वसंतसेना चारुदत्ताच्या लहानग्या मुलाच्या, रोहसेनाच्या, मातीच्या गाडीत स्वतःचे दागिने भरते. ते परत करायला निघालेला चारुदत्ताचा मित्र मैत्रेय न्यायालयात शकाराशी झोंबाझोंबी करतो आणि दागिने त्याच्या काखेतून खाली पडतात. निष्पाप वस्तू चुकीच्या जागी, चुकीच्या क्षणी दिसली की ती पुरावा होते. ‘ऑथेल्लो’तल्या रुमालाचंही तेच, फक्त तिथे तो कुणीतरी मुद्दाम नेऊन टाकलेला असतो. तुमच्या कथेतली मुख्य वस्तू कोणती, ती पहिल्या पानापासून कुणाकुणाच्या हातून गेली, हे एका ओळीत लिहिता आलं पाहिजे.

तिसरी पायरी: फटीतून प्रश्न काढणं

शेवट वाचकाला माहीत आहे, ही या प्रकारातली मोठी अडचण. चारुदत्त सुटतो, मॅकबेथ मरतो, ईडिपस स्वतःच दोषी ठरतो. ‘खून कुणी केला’ हाच एकमेव प्रश्न ठेवलात तर कथा सुरू होण्याआधीच संपते. म्हणून नाटक ज्याचं उत्तर देत नाही तोच प्रश्न घ्या.

‘मॅकबेथ’मध्ये बँक्वोला मारायला दोन मारेकरी नेमलेले असतात. ऐन वेळी तिसरा हजर होतो. पहिले दोघे विचारतात, तुला कुणी पाठवलं? तो म्हणतो, मॅकबेथने. तो कोण, हे नाटक कधीच सांगत नाही. त्यावर अभ्यासक पिढ्यान्‌पिढ्या तर्क लढवत आलेत. तुम्हीही लढवू शकता.

सोफोक्लीसच्या ‘राजा ईडिपस’मध्ये याहून बारीक जागा आहे. लायस राजाला लुटारूंनी मारलं, अशी साक्ष एकमेव वाचलेल्या नोकराने दिलेली असते. लुटारू, अनेकवचनी. ईडिपस त्या अनेकवचनाला जिवाच्या आकांताने धरून राहतो: एक माणूस म्हणजे अनेक माणसं नव्हेत, मग मी कसा? शेवटी तो नोकर समोर येतो तेव्हा बोलणं ईडिपसच्या जन्माकडे वळतं, आणि ‘किती जण होते’ हा प्रश्न विचारायचाच राहून जातो. शिवाय राणी योकास्टा जाता जाता सांगते की सिंहासनावर ईडिपसला पाहताच या नोकराने तिचा हात धरून विनवलं होतं, मला शहरापासून दूर रानात पाठवा. साक्षीदार नव्या राजाला बघताच बदली मागतो! याहून बोलका धागा मी कुठल्याही आधुनिक रहस्यकथेत वाचलेला नाही.

एक मर्यादा स्वतःवर घालून घ्या. नाटकात प्रेक्षकांसमोर जे घडलं ते बदलू नका. शकाराने गळा आवळला, म्हणजे आवळलाच. वसंतसेना वाचली, म्हणजे वाचलीच. तुम्ही फक्त पडद्याआडच्या जागा भरा. कुणी म्हणेल, मोडतोड करण्यातही मजा आहे. असेल, पण नव्या लेखकाने सगळंच मोडायची परवानगी घेतली की रहस्याला भिंती उरत नाहीत, आणि भिंती नसलेल्या खोलीत कुणी अडकत नाही.

चौथी पायरी: काळ कोणता?

प्रत्येक ऐतिहासिक नाटकात निदान दोन काळ असतात: गोष्ट घडते तो आणि नाटक लिहिलं गेलं तो. ‘मॅकबेथ’मध्ये मारला जाणारा राजा डंकन खरा १०४० साली लढाईत मेला; नाटकातल्यासारखी त्याची झोपेत हत्या झाली नव्हती. खऱ्या मॅकबेथने १०५७ पर्यंत राज्य केलं. शेक्सपिअरचं नाटक त्यानंतर साडेपाचशे वर्षांनी आलं आणि त्यातला किल्ला, मेजवानी, द्वारपाल यांच्यावर लेखकाच्या काळाची छाया आहे. तुम्ही अकराव्या शतकाचं स्कॉटलंड उभं करणार, की नाटकातलं? दोन्ही चालेल. मिसळण मात्र वाचकाला कळते.

तिसरा मार्गही आहे: नाटकाच्या प्रयोगाभोवती कथा रचणं. लंडनचं ग्लोब नाट्यगृह १५९९ साली उभं राहिलं. २९ जून १६१३ रोजी प्रयोग चालू असताना तोफेच्या ठिणगीने त्याचं गवती छप्पर पेटलं आणि नाट्यगृह जळून गेलं. त्या काळच्या नटांना पूर्ण नाटक हातात मिळत नसे. प्रत्येकाला फक्त आपली वाक्यं आणि त्यांच्या आधीचे दोनचार शब्द लिहिलेली गुंडाळी मिळे. संपूर्ण संहिता सांभाळणारा माणूस एखादाच. कुणीतरी एका गुंडाळीतला एक शब्द बदलला, तर चूक भर प्रयोगात, हजारो लोकांसमोर उघडी पडेल, आणि बदलणारा कोण हे नाट्यगृहातल्या कुणालाच सांगता येणार नाही. एवढ्यावर अख्खी कादंबरी उभी राहील.

‘मृच्छकटिका’चा नेमका काळ अभ्यासकांत वादाचा आहे. अशा वेळी प्रकरणाच्या डोक्यावर साल टाकू नका. उज्जयिनी, पालक राजा, वसंतोत्सव, जुगारी, भिक्षू, गाड्या, नगररक्षक यांच्यावरून नगर उभं करा. नाटकाने स्वतःच जो काळ दिलाय तो पुरेसा आहे.

पाचवी पायरी: विचारायचा अधिकार कुणाला?

इथे बहुतेक नवशिक्यांचा पाय घसरतो. आजचा गुप्तहेर उचलून ते जुन्या काळात ठेवतात आणि तो राजापासून दासीपर्यंत सगळ्यांना दम देत फिरतो. त्या काळी असं फिरता आलं असतं का? इंग्लंडमध्ये अपमृत्यूची चौकशी करणारा कॉरोनर ११९४ पासून आहे, तेव्हा तिथे एक अधिकृत वाट मिळते. इतर ठिकाणी ती शोधावी लागते.

उज्जयिनीच्या न्यायालयात न्यायाधीशाबरोबर श्रेष्ठी, म्हणजे व्यापाऱ्यांचा प्रमुख, आणि कायस्थ बसतात. कायस्थ म्हणजे लेखनिक. आणि नवव्या अंकात त्याच्या वाट्याला एक विलक्षण क्षण आलाय. शकार फिर्याद सांगता सांगता म्हणतो, कुणीतरी वसंतसेनेला बागेत नेऊन गळा आवळून मारलं, ‘मी नाही’. आणि लगेच स्वतःचं तोंड झाकतो. न्यायाधीशाच्या कानांनी ते टिपलेलं असतं. तो म्हणतो, ‘मी नाही’ हे शब्द आधी लिहून घ्या. कायस्थ लिहितो. शकार सारवासारव करतो आणि लिहिलेलं पायाने पुसून टाकतो.

पायाने कसं पुसलं? धर्मशास्त्रात रीत सांगितली आहे की फिर्याद आधी फळ्यावर किंवा जमिनीवर खडूने उतरवावी, कमीजास्त तपासावं आणि मग पत्रावर लिहावी. म्हणजे न्यायालयाच्या जमिनीवर खुन्याचा कबुलीजबाब काही क्षण पांढऱ्या अक्षरांत पडलेला होता.

तो लिहिणारा माणूस माझा तपासनीस. त्याने ते शब्द लिहिले, ते पुसताना पाहिले, आणि चारुदत्ताला शिक्षा झाली तेव्हा गप्प बसला. आता राजा बदललाय, सगळीकडे उत्सव आहे, जुनं प्रकरण कुणालाच उकरायचं नाही. त्याच्याकडे सत्ता नाही, शस्त्र नाही. जुन्या नोंदी पाहायचा हक्क आणि मनाला लागलेला काटा एवढंच आहे. तपासनीसाला कुठली दारं बंद आहेत, यातूनच कथेला ताण मिळतो. तो अंतःपुरात जाऊ शकत नाही, तर तिथली माहिती कोण आणेल? रदनिकेसारखी दासी. तिला तरी का सांगावंसं वाटेल? असं एकातून एक निघत जातं.

सहावी पायरी: त्या काळचा पुरावा

बोटांचे ठसे नाहीत, रक्ताची तपासणी नाही. म्हणून घाबरायचं कारण नाही. जुने नाटककार निरीक्षणात कुणाला हार जाणारे नव्हते.

‘मुद्राराक्षसा’त चंद्रगुप्ताच्या शयनगृहाची पाहणी करताना चाणक्याला भिंतीच्या भेगेतून मुंग्या बाहेर येताना दिसतात. त्यांच्या तोंडात भाताची शितं असतात. भिंतीआड अन्न आहे, म्हणजे माणसं आहेत. मारेकरी लपलेत हे त्याने एका मुंगीच्या रांगेवरून ओळखलं. ‘मृच्छकटिका’तला शर्विलक भिंत फोडण्याआधी भोकाला कुठला आकार द्यावा याचा विचार करतो: कमळ, सूर्य, चंद्रकोर, स्वस्तिक, पूर्णकुंभ. मोजायला सूत्र नाही म्हणून जानवं वापरतो. इतका नेटका चोर आपली सही मागे ठेवूनच जातो. ज्याला कलाकुसर कळते त्याला भोक पाहून चोर कळेल.

आणि पुराव्यावर शंका कशी घ्यायची, हेही तिथेच शिकता येतं. इसवी सनपूर्व ४५८ मध्ये रंगमंचावर आलेल्या एस्किलसच्या नाट्यत्रयीत इलेक्ट्रा बापाच्या थडग्यावर केसांची बट पाहते, पावलांचे ठसे पाहते, आणि भाऊ परत आलाय हे ओळखते. पुढे युरिपिडीसने त्याच कथेवर नाटक लिहिलं. त्यात हाच पुरावा पुढे केला जातो तेव्हा त्याची इलेक्ट्रा तो खोडून काढते: पुरुषाचे आणि बाईचे केस सारखे कसे असतील? भावाचं पाऊल बहिणीएवढं कसं असेल? तुमच्या कथेत असं एक पात्र जरूर ठेवा. प्रत्येक धाग्याला कुणीतरी विरोध केला की जो धागा टिकतो तो वाचकाला पटतो.

सातवी पायरी: खरी हकीकत आधी लिहा

कथा सुरू करण्याआधी एका पानावर, कसलाही डौल न आणता, खरोखर काय घडलं ते वेळेच्या क्रमाने लिहून काढा. कोण कुठे होतं, का होतं, कुणी काय पाहिलं, कोण खोटं बोललं. हे पान कुणाला दाखवायचं नाही. लिहिताना अडलात की ते उघडायचं. हे पान नसलेल्या कथा मध्यावर भरकटतात. मी स्वतः एक दीडशे पानांची कथा याच कारणाने फेकून दिली आहे.

मग धागे पेरा. तुमचे वाचक दोन तऱ्हेचे असतील, नाटक जाणणारे आणि न जाणणारे. न जाणणाऱ्याला कथा एकटी उभी राहिलेली दिसली पाहिजे. जाणणाऱ्याला चकवायचं असेल तर त्याच्या खात्रीचा वापर करा. शकार दुष्ट आहे हे त्याला माहीत असतं, म्हणून झाडाखालच्या बाईचाही दोष तो आपोआप शकारावर टाकेल. तुमचं उत्तर दुसरीकडे असू द्या. पण ते उत्तर देणारा प्रत्येक धागा वाचकाच्या डोळ्यांसमोरून एकदा गेलेला असला पाहिजे. यात सवलत नाही.

अंकांप्रमाणे प्रकरणं पाडायचा मोह टाळा. नाटकातली भाषणं उचलून संवाद म्हणून चिकटवू नका. नाटकातलं माणूस प्रेक्षकांना ऐकू जावं म्हणून बोलतं, कथेतलं माणूस पुष्कळदा गप्प राहूनच सांगतं.

भाषेबद्दल थोडं

जुनी मराठी लिहिण्याचा प्रयत्न करू नका. आजची, स्वच्छ, थोडी धिमी मराठी पुरते. शब्दांपेक्षा वस्तूंची काळजी घ्या. निवेदनात ‘फिर्याद’ हा शब्द आला तर काही बिघडत नाही, पण उज्जयिनीच्या लेखनिकाच्या हातात कागद दिलात तर बिघडतं. मिनिटं, तास नकोत. घटका आणि प्रहर घ्या. घटका चोवीस मिनिटांची, प्रहर तीन तासांचा, एवढं ध्यानात ठेवलं की वेळापत्रक चुकत नाही.

मूळ नाटकात शकाराची प्राकृत वेगळी आहे, ‘स’च्या जागी तो ‘श’ उच्चारतो. असा एक विशेष एखाद्या पात्राला द्यावा आणि हलक्या हाताने वापरावा. दर वाक्यात आला तर वाचक थकतो.

हक्कांची बाब

शतकांपूर्वीची नाटकं सर्वांची आहेत. त्यांची भाषांतरं तशी असतीलच असं नाही. भाषांतरकाराचे हक्क वेगळे असतात. म्हणून समजण्यासाठी दोनतीन भाषांतरं वाचा, पण अवतरण स्वतःच्या शब्दांत द्या. कथेच्या शेवटी एक टीप जोडून नाटकातलं काय आणि तुमचं काय हे सांगा. वाचकाला ती आवडते, आणि त्यामुळे तो मूळ नाटकाकडेही वळतो.

शेवटी: पहिला प्रवेश

प्रेताने सुरुवात करायची गरज नाही. न विचारलेल्या प्रश्नाने करा. खून दागिन्यांच्या लोभाने झाला, असा आळ होता. वीरकाने सांगितलं की देहाचे हात उरले होते. त्याला पुढे एक प्रश्न सहज विचारता आला असता. माझ्या वहीत पहिला प्रवेश असा आहे:

नगरात नगारे वाजत होते. नव्या राजाच्या नावाने कुणीतरी गुलाल उधळला होता आणि तो न्यायालयाच्या उंबऱ्यापर्यंत आला होता. वीरक खांबाला टेकून पायातली वहाण सैल करत होता. कायस्थ त्याच्यापाशी येऊन उभा राहिला.

“आता काय लिहायचं राहिलंय?” वीरक म्हणाला. “सुटला ना तो ब्राह्मण?”

“सुटला.”

“मग?”

कायस्थाने खाली पाहिलं. जमीन दोनदा सारवून झाली होती, तरी एका भेगेत खडूचा पांढरा कण राहिलाच होता.

“त्या बाईचे हात उरले होते म्हणालास,” तो म्हणाला. “हातांत काकणं होती का?”